कंसातला शब्द

या निवडणुकीला दोन बॅनर शिवून द्यायचे नाहीत, एवढं आत्याने मनाशी पक्कं केलं होतं. बाकी कशाचा काही पत्ता नव्हता.

दोन्ही भावांना तिने निरोप धाडला होता, "बॅनर तयार आहे, दुपारी येऊन घेऊन जा." निरोप एक, वेळ एक आणि थापही एकच. कसला बॅनर नि कसलं काय! दर निवडणुकीआधी दोघांचे बॅनर तिच्याकडे धुवायला आणि डागडुजीला यायचे, तसे याही वेळी आले होते. धुवून वाळवून तिने ते कापायच्या मोठ्या टेबलावर गुंडाळून ठेवले होते. सुईला मात्र हात लावला नव्हता.

अण्णा आधी आला. थोरला. एकच जिना, पण चढून आल्यावर बराच वेळ त्याला बोलता येईना. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत बसला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "पाणी दे गं छबू. आणि दे तो बॅनर, निघतो लगेच."

"दम तरी खा. मागे काय पोलीस लागलेत?"

तेवढ्यात जिन्यावर दुसरी पावलं वाजली. ती पावलं कुणाची ते अण्णाला ओळखायला वेळ लागला नाही. त्याने पेला खाली ठेवला आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

बापू दारातच थबकला. आत्याहून धाकटा, पण आता डोक्यावर एकही काळा केस उरला नव्हता. त्याने खुर्चीकडे बघितलं, मग बहिणीकडे.

"ताई, तू म्हणालीस बॅनर तयार आहे."

"होईल की तयार. बस."

"कुठे बसू?"

प्रश्न बरोबर होता. खुर्ची एकच. शिलाई मशीनसमोरच्या स्टुलावर आत्या. उरली ती कोपऱ्यातली खाट, तिच्यावर कापडांचे तागे रचलेले. आत्याने तागे उचलून बाजूला केले आणि खाटेवर थाप मारली. "ही आहे ना. तुझ्या ओळखीचीच आहे."

बापू बसला. खाट करकरली. खोलीत तिघं भावंडं होती आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आत्याला वाटलं, देवा, हे एवढंच बघायला मी इतकी वर्षं थांबले की काय.

कारण ती खाट साधी नव्हती. काचकारखाना चालू होता त्या काळी तिघं एका खोलीत राहायची, आणि दोन भावांत ही एकच खाट. अण्णाची दिवसपाळी, बापूची रातपाळी. सकाळी अण्णा उठून जायचा आणि भट्टीवरून रात्रभर भाजून आलेला बापू त्याच्या गरम अंथरुणात शिरायचा. अण्णाला मात्र संध्याकाळी खाट गारच मिळायची, कारण बापू दुपारीच उठून सभेला नाहीतर उनाडायला पळायचा. अण्णा रोज कुरकुरायचा आणि रोज त्याच खाटेवर घोरत पडायचा.

पक्ष निघाला तो या दोन पाळ्यांतून. मालक दिवसपाळीला सांगायचा, रातपाळीवाले झोपा काढतात. रातपाळीला सांगायचा, दिवसपाळीवाले तुमच्या नावावर बक्षिसी खातात. दोन्ही पाळ्या एकमेकींशी बोलतच नसत, त्यामुळे दोघींना ते खरं वाटायचं. खोटेपणा कळत होता फक्त या दोन भावांना, कारण पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकात दहा मिनिटं थांबून बोलायचे ते हेच दोघं. म्हणून अण्णा म्हणाला, पक्षाच्या नावात 'ऐक्य' पाहिजे. बापू म्हणाला, 'कामगार' पाहिजे. "कामगार ऐक्य पक्ष" असं ठरलंसुद्धा. तेव्हा चुलीपाशी बसलेली त्यांची बहीण म्हणाली होती, "मग मी कोण?"

ती पॅकिंगच्या शेडमध्ये बाटल्या पेंढ्यात गुंडाळायची. रोजंदारीवर. कारखान्याच्या लेखी शेडमधल्या बायका कामगार नव्हत्याच. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत राहिले, आणि मग 'कामगार' खोडून 'कामकरी' झालं. कामकरी ऐक्य पक्ष. तीन शब्द, तीन भावंडं, असं आत्या तेव्हापासून मानत आली होती. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं इतकंच.

जोवर दोघं दिवसातून दहा मिनिटं भेटत होते, तोवर दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नव्हतं. पुढे पक्ष निवडून आला, नगरपालिकेत दोघं दिवसाढवळ्या शेजारी शेजारी बसायला लागले आणि तिथेच सगळं फिसकटलं. मालकाच्या गटाने बापूला उपाध्यक्षपद देऊ केलं. बापूला वाटलं, घ्यावं, चार कामं होतील. अण्णा भर सभेत म्हणाला, "विकला गेलास." बापू म्हणाला, "पक्ष काय तुझ्या एकट्याची जहागीर आहे?" दोघं एकमेकांशी बोलले ती ही शेवटची वाक्यं. त्यानंतर खटला, आणि खटल्यानंतर निवडणूक कचेरीचा निवाडा: नाव दोघांनाही वापरता येईल, पण लोकांचा घोटाळा होऊ नये म्हणून प्रत्येकाने पुढे कंसात एक शब्द जोडावा.

अण्णाने जोडला 'मूळ'. बापूने जोडला 'खरा'. गावाला तर आयतंच फावलं. ऐक्य पक्ष फुटला म्हणून लोक हसले ते हसलेच, वर मूळवाल्यांना विरोधक काय म्हणत ते इथे लिहायला नको.

"चहा घेऊन आलोय!" म्हणत ठकी आणि गोट्या आत आले आणि आत्याचा जीव भांड्यात पडला. हा सगळा कट तिघांचा होता. ठकी अण्णाची लेक, दवाखान्यात नर्स, ड्यूटीवरून तशीच आलेली. गोट्या बापूचा लेक, वायरमन, खांद्यावर अजून वायरचं भेंडोळं. लहानपणी कारखान्यामागच्या ढिगाऱ्यातून काचेचे गोळे वेचायचा, म्हणून गोट्या.

"तूसुद्धा यात आहेस होय?" अण्णाने लेकीला विचारलं.

"बाबा, ऐका आधी." ठकीने चहा ओतला. "दोन्हीकडून आमची नावं जाहीर झालीत. मी मूळची, हा खरा. दोघं एकाच वॉर्डात, एकमेकांच्या समोर. आज पाचपर्यंत दोन्ही गटांनी मिळून कचेरीत एक नाव दिलं, तर एक पक्ष होतो. मग मी इथे उभी राहते, गोट्या शेजारच्या वॉर्डात. नाहीतर उद्यापासून आम्ही दोघांनी दारोदार जाऊन एकमेकांना शिव्या घालायच्या."

"आणि मला ते जमणार नाही," गोट्या म्हणाला. "हिने मला सायकल शिकवलीय. शिव्याही हिनेच शिकवल्यात."

आत्या हसली. भाऊ हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत.

"मग नाव काय द्यायचं म्हणता?" अण्णाने भिंतीला विचारलं.

"आम्ही नवंच काढलंय," ठकी म्हणाली. "भांडणच नको. नवी पहाट आघाडी."

 खाटेवरून बापू म्हणाला, "ताई, तिला विचार, पहाट कुणाची? रातपाळीवाल्याला पहाट म्हणजे सुटी, दिवसपाळीवाल्याला पहाट म्हणजे भोंगा."

"आणि 'नवी' कशाला?" अण्णा म्हणाला. "छबू, सांग त्यांना. पाच वर्षांनी काय म्हणणार, जुनी नवी पहाट?"

"बरं, 'आपलं शहर' घ्या," गोट्या म्हणाला. "साधं, सोपं. आजकाल कुणी 'पक्ष' म्हणत नाही. म्हाताऱ्यांचा वाटतो."

"ताई, त्याला सांग, ते किराणा दुकानाचं नाव आहे."

"मंगल कार्यालयाचं," अण्णाने दुरुस्ती केली.

आत्याने मान खाली घातली, ओठ दाबले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा दोघं एका बाजूला आले होते, आणि ते दोघांच्याही लक्षात आलेलं नव्हतं. तिने मुद्दाम आगीत तेल ओतलं. "मग 'जनशक्ती' म्हणा. बरं दिसतं."

"हॅट!" दोघं एकदम म्हणाले.

"जन म्हणून ओरडतात त्यांच्याकडे जन नसतो," बापू म्हणाला. "मालकाच्या गटाचं नाव काय होतं? लोकसेवा मंडळ! लोकांना घरात सोडा, फाटकातसुद्धा घेत नव्हते."

"अहो, मग तुमचं तरी काय वेगळं?" ठकी उसळली. "ऐक्य पक्ष! आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. त्यांना जन नव्हता, तुम्हाला ऐक्य नव्हतं. सगळे आपल्याकडे नसतं तेच पाटीवर लिहितात!"

तिचा आवाज जरा जास्तच चढला. बापूने कप खाली ठेवला. आत्याला वाटलं, संपलं, आता उठतो हा.

पण उत्तर आलं अण्णाकडून, आणि हळू आवाजात. "नसतं म्हणूनच लिहितात, बेटा. जे हवंय ते लिहायचं असतं. आमच्याकडे होतं तेवढंच लिहायचं म्हटलं असतं, तर 'एक खाट पक्ष' काढावा लागला असता."

गोट्या फस्सकन हसला. बापूने मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं, पण ओठांवर आलेलं हसू आत्याच्या नजरेतून सुटलं नाही.

"मला ऐक्याचं काही नाही," ठकी जरा ओशाळून म्हणाली. "पण 'कामकरी' कोण राहिलंय आता? कारखाना पाडून तिथे दुकानं झाली."

"तू दवाखान्यात कोण आहेस?" बापूने विचारलं. पुतणीशी तो थेट बोलला. "कायम आहेस?"

"नाही काका. करारावर. दर अकरा महिन्यांनी काढतात, परत घेतात. त्यांच्या लेखी मी कर्मचारी नाहीच..." ती बोलता बोलता थांबली.

"मग तू कोण?" आत्याने विचारलं. पूर्वी तिने स्वतःबद्दल विचारला होता तोच प्रश्न.  ठकी म्हणाली, "बरं बाई. कामकरी."

"मी पण," गोट्या म्हणाला. "मला तर कुणी काढायलाही नाही."

म्हणजे नाव ठरलं. अर्ज पुढे आला, गोट्याने पेन काढलं, आणि सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं की अजून कंस शिल्लक आहे.

"नुसतं 'कामकरी ऐक्य पक्ष' मिळतं," ठकी म्हणाली, "पण दोघांनी आपापला शब्द सोडला तरच."

"मूळ ते मूळ," अण्णा म्हणाला. "ते काय मी लावलं म्हणून झालं? आधी त्याला सोडू दे."

"ताई, त्याला सांग, मला त्याने भर सभेत खोटा ठरवला होता. 'खरा' सोडला तर मी कबूल केल्यासारखं होईल. आधी त्याने सोडावा."

"सांग त्याला—"

"सांगणार नाही!" आत्या ताडकन उभी राहिली. "माझी जीभ म्हणजे काय टपाल आहे? बस्स झालं. एवढे दिवस दोघांच्या मधे कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी ताणून उभी आहे मी. तुझ्या घरी गेले तर त्याच्या घरी कळू द्यायचं नाही, त्याच्या पोराला ताप आला तर तुला चोरून सांगायचं. थकले मी. तुम्ही गेलात की तुमच्या मागे ही पोरं भांडतील, मग यांची पोरं. आणि मी मरेन तेव्हा खांदा द्यायलासुद्धा कंस करून उभे राहाल दोघं!"

ती रडली नाही. रडायला वेळच नव्हता. तिने टेबलावरच्या दोन्ही गुंडाळ्या ढकलून दिल्या आणि त्या टेबलभर उलगडल्या. लाल कापडं, उन्हाने विटलेली. त्यावर पांढऱ्या कापडाची अक्षरं कापून शिवलेली, एकाच हाताची, एकाच मापाची. कामकरी ऐक्य पक्ष. कामकरी ऐक्य पक्ष. आणि टोकाला तो एकेक शब्द.

ठकीने एका अक्षरावर बोट फिरवलं. मग शेवटच्या शब्दावर. मग दुसऱ्या बॅनरवर तसंच. जखमा शिवलेल्या बघायची सवय तिच्या बोटांना होती.

"आत्या, हे सगळं मशीनवरचं आहे. दुहेरी शिलाई. पण कंसातलं नुसतं टाचलंय. दोन्हींवर. हे तर कच्चे टाके आहेत."

 हे इतक्या लोकांसमोर निघेल असं आत्याला वाटलं नव्हतं. पहिल्यांदा बॅनर शिवला तेव्हा त्या शब्दावर मशीन चालवायला तिचा पायच उठला नव्हता. आज ना उद्या उसवायचाच आहे, म्हणून नुसता टाचून दिला. मग दर निवडणुकीला तसाच. तो शब्द दर वेळी वाऱ्यात सुटायचा, एकदा तर मिरवणुकीत गळून पडला होता, आणि दर वेळी ती सांगायची, "बारीक अक्षरं आहेत रे, त्यात मशीन वळत नाही."

"बारीक अक्षरांत..." तिने आताही सुरुवात केली.

"ताई, राहू दे," बापू म्हणाला. "तू लहान बाळाच्या झबल्यावर नावं काढतेस मशीनने. मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून माहीत होतं. घरी मशीन आलं तेव्हा गोट्याची आई म्हणाली, आणा इकडे, दोन मिनिटांत पक्कं करून देते, दर वेळी काय ती कटकट. मी म्हटलं, हात लावायचा नाही. ताईने ठेवलंय तसं राहू दे."

 अण्णाने सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि टेबलावर काहीतरी ठेवलं. सेफ्टी पिनांचा झुबका होता तो.

"प्रचाराच्या दिवसांत मी या घेऊनच निघतो," तो म्हणाला. "सुटलं की पिन लावायची. पोरं म्हणायची, शिवून घ्या ना चांगलं. मी म्हणायचो, पिनेचं भोक बुजतं, शिलाईचं राहतं."

  आत्याला इतकी वर्षं वाटत होतं, दार आपण एकटीनेच उघडं ठेवलंय. आत्ता कळलं की तिघांपैकी कुणीच कडी लावलेली नव्हती. आणि तरी कुणी आत आलं नव्हतं, याचा तिला राग आला, आणि रागापेक्षा माया जास्त आली.

"छबू, कात्री," अण्णा म्हणाला. तिने धागे कापायची छोटी कात्री दिली. त्याने ती हातात धरली, बॅनरवर वाकला, डोळे बारीक केले, पण पांढऱ्या अक्षरांवरचा पांढरा धागा काही त्याला दिसेना. मग त्याने मान वर केली, आणि बहिणीकडे नाही, भिंतीकडे नाही, समोर बघून म्हणाला, "बापू, मला दिसत नाही रे. तू उसव."

बापू खाटेवरून उठला. आला. कात्री घेतली. 'मूळ'च्या टोकाचा एक टाका त्याने कापला आणि पुढे काही न करता थांबला. दुसरा बॅनर त्याने अण्णासमोर सरकवला, त्याच्याही एका टोकाला कात्री लावली, धागा मोकळा केला आणि थोरल्याचं बोट धरून त्या धाग्यावर ठेवलं.

"हा इथे आहे. ओढ. मी तुझा ओढतो."

दोघांनी ओढला. कच्चा टाकाच तो, एका ओढीत सरसर सुटला. 'मूळ' आणि 'खरा' टेबलावर पडले. दोन पांढऱ्या चिंध्या. शब्द होते तिथलं कापड मात्र विटलेलं नव्हतं. तिथे तेवढा गडद लाल रंग राहिला होता, आणि नीट बघितलं तर शब्द अजून वाचता येत होते.

"दिसतंय अजून," आत्या म्हणाली.

"उन्हात जाईल," ठकी म्हणाली.

"या निवडणुकीपर्यंत?"

"नाही. पुढच्या."

दोघांनी अर्जावर सह्या केल्या. कचेरीत दोघांतला एक जण हजर असावा लागत होता. बापू म्हणाला, "तू जा. थोरला आहेस."

"तिथे जिने आहेत. तू जा. पोरांना घेऊन जा, आणि त्या कारकुनाने काही विचारलं तर उगाच भाषण ठोकत बसू नकोस."

"मी भाषण ठोकतो? आणि सभेत दोन दोन तास कोण—"

"निघा!" आत्या ओरडली. जिन्यावर तिघांची पावलं वाजली, आणि गोट्याचं हसणं.

अण्णा खुर्चीतून उठला. चेहरा ओढलेला होता. दोन पावलं टाकून खाटेशी आला, बापू बसला होता तिथे सावकाश आडवा झाला आणि डोळे मिटले. जरा वेळाने म्हणाला, "छबू."

"काय रे? पाणी हवंय?"

"खाट गरम आहे गं."

  तो कुशीवर वळला आणि बघता बघता घोरायला लागला.

दोन्ही बॅनर पाठीला पाठ लावून एकच करायचा, असं तिने मघाशीच मनात योजलं होतं. म्हणजे मिरवणुकीत पुढून वाचा, मागून वाचा, नाव तेच. तिने कडा जुळवल्या, कापड मशीनखाली सरकवलं, पायडलवर पाय नेला आणि थांबली. हे जुनं मशीन एकदा सुरू झालं की खालच्या मजल्यापर्यंत आवाज जायचा.

तिने कापड काढून मांडीवर घेतलं, सुईत दोरा ओवला आणि हातानेच शिवायला बसली. या वेळी तिने टाके अगदी जवळजवळ घातले.